टेकाडापलीकडची घंटा

"टोपी काढावी लागेल," हॅडफील्ड म्हणाले. "फक्त आत असेपर्यंत. क्लबचा जुना नियम आहे, बाकी काही नाही."

मी आबांकडे पाहिलं. माझे सासरे क्लबहाउसच्या पायरीवर उभे होते. अंगात दिगंबरचा काळा ओव्हरकोट, त्याच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आलेल्या. पायात दिगंबरचेच बूट, पुढे कापूस कोंबून घातलेले. डोक्यावर मात्र स्वतःची, फलटणहून आणलेली पांढरी टोपी. ऑक्टोबरातल्या त्या करड्या इंग्लिश सकाळी आसपास एवढी पांढरी वस्तू दुसरी नव्हती.

"काय म्हणतोय त्यो?" आबांनी विचारलं.

"आत जाताना टोपी काढा म्हणतात."

आबांनी थोडा विचार केला. "हितं आल्यापासनं एकदा काढलीया," ते म्हणाले. "आता न्हाई काढायचो. तू जा आत. मी हितं बसतो."

ती एकदा कुठे काढली होती ते मला ठाऊक होतं. हॅडफील्डना एवढंच सांगितलं, की त्यांना बाहेरची हवाच बरी वाटेल. हॅडफील्डनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. इंग्रज माणूस पुढचं विचारत नाही. त्या दिवसांत मला त्यांचा हा गुण फार सोयीचा वाटायचा.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. आबाही गेले. पण तो दिवस मला सकाळच्या चहापासून आठवतो, आणि सकाळच्या चहापासूनच सांगायला हवा.

दिगंबर, माझा नवरा, दीड महिन्यापूर्वी गेला होता. सकाळी डबा घेऊन कामावर गेला, दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. हृदय बंद पडलं. त्या आधी ते कधी कुरकुरलंही नव्हतं. फलटणहून आबा एकटेच येऊ शकले. सासूबाईंना विमानाचा प्रवास झेपणारा नव्हता. इथे अंत्यसंस्कारालाही तारीख मिळेपर्यंत दिवस जातात, म्हणून आबांना मुलगा शेवटचा बघायला तरी मिळाला.

मला मात्र काही होतच नव्हतं. मी रडले नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, केवढी धीराची बाई. धीर कसला? दाढ काढायच्या आधी भूल देतात, तेव्हा गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही. माझं अख्खं अंग तसं झालं होतं. भूक लागायची नाही, पण समोर आलं की जेवायचे. कुणी विनोद केला की हसायचे, वेळेवर.

आबांचंही तेच होतं, पण ते आणखी एका गोष्टीवरून कळायचं. आबा एस.टी.त कंडक्टर होते, सगळी नोकरी फलटण डेपोत. एस.टी.त एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. ती डबल बेल त्यांच्या हातात इतकी भिनली होती की रिटायर झाल्यावरही सुटली नाही. जेवण झालं की ताटावर दोन टिचक्या, चल उठू. कुणी गावाला निघालं की दारावर दोन थापा. आमच्या लग्नात मी सासरी निघाले तेव्हा सगळे डोळे पुसत होते आणि आबांनी गाडीच्या टपावर ठण ठण दोन थापा मारून ड्रायव्हरला सोड म्हणून सांगितलं होतं. पुढे आम्ही इंग्लंडला निघालो तेव्हाही तेच. दिगंबर हसून म्हणाला होता, "आबांनी डबल दिल्याशिवाय आमच्या घरात कुणी मरतसुद्धा नाही."

आणि ह्या वेळी त्यांचा हात कशावरच वाजला नव्हता. स्मशानगृहात ती पेटी पडद्याआड जायची होती, तेव्हा आबांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि पेटीच्या झाकणावर तळवा ठेवला. मला वाटलं, आता वाजवणार. त्यांनी तळवा तसाच ठेवला आणि थोड्या वेळाने उचलून घेतला.

तर त्या दिवशी सकाळी बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "हेमा, शनवारी माझं इमान हाय. तुझंबी तिकीट काढायचं का?"

मी गाळणं धुवायला घेतलं.

"घरनं सांगणं हाय," ते म्हणाले. "पोरीला घेऊनच या म्हणती तुझी सासू. हितं एकटी काय करणार तू? तिकडं घर हाय, माणसं हायती. मी जबरदस्ती करत न्हाई. पण आज सांजच्याला सांग. तिकिटाचं बघाय लागंल."

"सांगते," मी म्हटलं.

आदल्या संध्याकाळी मी त्यांना फोनवर बोलताना ऐकलं होतं. "अगं, नुसता डबा घिऊन कसा येऊ मी?" ते सासूबाईंना म्हणत होते. अस्थींचा डबा त्यांच्या बॅगेत, धुतलेल्या धोतरांच्या घडीत होता.

माझं उत्तर खरं तर तयार होतं. मी हो म्हणणार होते. फलटणला जायची ओढ होती म्हणून नव्हे, तर नाही म्हणायला कारण द्यावं लागतं आणि हो म्हणायला काहीच लागत नाही म्हणून. एकदा हो म्हटलं की नोकरी सोडणं, घर आवरणं, कधी उठायचं आणि कधी जेवायचं, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवणार होतं. मी आपली सासूबाईंच्या शेजारी मेथी निवडत बसणार होते. ते मला चांगलं किंवा वाईट वाटत नव्हतं.

तेव्हा मी गोल्फची मैदानं आखणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. शिक्षण बागा आखण्याचं, पण पोटासाठी गोल्फकडे वळले आणि तिथेच रमले होते. साहेबांनी कामावर परत आल्यावर मला हे काम दिलं, मुद्दाम हलकं असं. एका जुन्या मैदानाची रचना बघायची, काय चांगलं आहे, काय बिघडलंय ते सांगायचं. मोकळी हवा मिळेल, म्हणाले. आबांना घरी एकटं ठेवणं जिवावर आलं म्हणून मी त्यांना बरोबर घेतलं.

क्लबहाउसमध्ये हॅडफील्डनी मला मैदानाचा नकाशा दाखवला. ते क्लबचे सेक्रेटरी, फौजेतून निवृत्त झालेले, उंच आणि सारखे बोटं चोळणारे. "बाकी सगळं बघाच," ते म्हणाले, "पण भांडण आहे ते सातव्या होलवरून. मारायची जागा आणि भोक यांच्या मधे टेकाड आहे. खेळणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. अर्धी कमिटी म्हणते, सपाट करा. अर्धी म्हणते, हात लावाल तर राजीनामे देऊ. तुम्ही जे म्हणाल ते आम्ही मानायचं ठरवलंय."

"बघते," मी म्हटलं. दोन्हीतलं काहीही झालं असतं तरी मला चाललं असतं.

बाहेर आबा बाकावर बसून समोरच्या गवताकडे टक लावून बघत होते.

"एवढी जमीन," ते म्हणाले. "आन् पीक काय?"

"गवत."

"कापून जनावराला घालत्यात?"

"नाही आबा. कापून टाकून देतात."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी चेष्टा करते आहे का ते बघायला. मग त्यांनी मान हलवली आणि आम्ही चालू लागलो.

हे मैदान कधी काळी कुणा बड्या जमीनदाराच्या हवेलीचं आवार होतं. इंग्लंडात अशी मैदानं पुष्कळ. समुद्रकाठची मैदानं वाऱ्यावर उघडी असतात, रेताड आणि टणक. ही त्यांच्या उलट. मऊ हिरवळ, सौम्य उतार, आणि मधून मधून एकेकटे उभे राहिलेले भले मोठे ओक आणि बीच. कुणी तरी शंभर वर्षांपूर्वी ती झाडं न तोडता त्यांच्या मधून खेळ वळवला होता. चांगलं आखलं होतं. नंतरच्या लोकांनी त्याची जमेल तशी वाट लावली होती. गवत कापणाऱ्यांनी वर्षानुवर्षं कोपरे गोल करत करत ग्रीन, म्हणजे जिथे ते भोक आणि झेंडा असतो ती हिरवळ, निम्मी करून टाकली होती. जागा दिसेल तिथे सभासदांनी हौसेने झाडं लावली होती, आणि जुन्या ओकच्या शेजारी तिसऱ्याच देशातली सुरूसारखी टोकदार झाडं उभी होती. मी हे सगळं बघत होते आणि टिपत होते. कामाला भूल लागलेली नव्हती, एवढं खरं. डोळे आपले आपण बघत होते.

"आपण उलटं का चाललोय?" आबांनी विचारलं. "समदी लोकं तिकडनं हिकडं येत्यात."

"आमची पद्धत आहे. आधी ग्रीन बघायचं, मग मागे मागे जात जिथून पहिला फटका मारतात तिथवर जायचं. आखणाऱ्याने शेवट आधी ठरवलेला असतो. म्हणून शेवटाकडून बघितलं की त्याच्या मनातलं कळतं."

"आन् खेळणाऱ्याच्या मनातलं?"

"ते नंतर. मग सरळ चालत यायचं."

"गाव मावंल एवढं मैदान," आबा स्वतःशीच म्हणाले, "आन् फुलपात्राएवढं भोक."

अशा रीतीने मागे मागे येत आम्ही सातव्याच्या मागच्या अंगाला पोचलो. दोन बीचच्या मधून पायवाट खाली उतरत होती आणि तिच्या कडेला एक लाकडी खांब होता. खांबाला घंटा टांगलेली. पितळी, जुनी, हात लागून लागून लोलकाची दोरी काळी पडलेली. खाली वाटीसारख्या खोलगट जागेत ग्रीन, आणि त्याच्या पुढे ते टेकाड. टेकाड कसलं, गवताचा मोठा उंचवटा, पण पलीकडचं सगळं झाकण्याइतका.

मी टेकाडाकडे बघत पुढे गेले. मागे घंटा वाजली. एकच टोला.

वळून पाहिलं तर आबा घंटेखाली हात जोडून, डोळे मिटून उभे होते. त्यात काही विचार नव्हता. आयुष्यभर जिथे घंटा दिसली तिथे ती वाजवून हात जोडले, तसेच आताही जोडले. इतक्या दिवसांत त्यांनी देवाचं नावही काढलं नव्हतं, पण हाताला ते कोण सांगणार? मला थोडं हसू आलं. मग ते माझ्या मागोमाग खाली उतरले आणि आम्ही दोघं ग्रीनच्या काठावर आलो.

तेवढ्यात टेकाडावरून काहीतरी पांढरं आलं. मला ते दिसलं, अगदी सावकाश येत असल्यासारखं दिसलं. ते आबांच्या कानाजवळून, टोपीच्या कडेला घासून गेलं आणि धप्प करून मऊ गवतात रुतलं. टोपी वाकडी झाली. आबांनी ती हाताने सरळ केली.

आम्ही दोघं त्या चेंडूकडे बघत राहिलो.

मला भीती वाटली नाही. छातीत धडधडलं नाही, ओरडायला झालं नाही. एवढा टणक चेंडू. बोटभर इकडे आला असता तर मी दीड महिन्यात दुसऱ्यांदा त्याच स्मशानगृहात गेले असते. हे मला कळत होतं, पण नुसतं कळतच होतं. आबाही हलले नव्हते. ते चेंडूकडे अशा नजरेने बघत होते की जणू डेपोत उशिरा आलेली गाडी आहे.

टेकाडावर एक बाई दिसली. सत्तरीची असेल, डोक्याला लाल लोकरी टोपी, मागे काठ्यांची दोन चाकी गाडी. आम्हाला बघून तिने गाडी तिथेच सोडली आणि उतारावरून जवळजवळ पळत आली. आमची ओळख नंतरही राहिली. मिसेस थॉर्नबी.

"लागलं का? कुणाला लागलं का?" तिचा आवाज चिरकत होता. "मी घंटा ऐकली. मी उभी होते घंटेसाठी, आणि घंटा वाजली, मी नीट ऐकली. कुणी वाजवली?"

"त्यांनी," मी म्हटलं. "आम्ही आता इथे आलो तेव्हा."

"येताना?" ती किंचाळलीच. "येताना कोण वाजवतं? जाताना वाजवायची असते! देवा, मी त्यांना मारलं असतं!" आणि ती तिथेच गवतात बसली आणि रडायला लागली. हातातला मोजा ती काढायला बघत होती आणि तो निघत नव्हता.

मला तिचा हेवा वाटला, हे मला स्पष्ट आठवतं. किती सोपं होतं तिचं. घाबरली, ओरडली, रडली.

आबा तिच्या जवळ जाऊन उकिडवे बसले. कोटाच्या खिशातून त्यांनी माझी पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. "हेमा, त्यास्नी सांग, घाबरू नका. मी वाजीवली. चूक माझी हाय. पण इचार, येताना का न्हाई वाजवायची? देवळात तर येतानाच वाजवत्यात. देवाला कळाया नको का, कोण आलं ते?"

मी विचारलं. अशा घंटा मी पाहिल्या होत्या, पण मघाशी ते डोक्यातच आलं नव्हतं. मिसेस थॉर्नबीने नाक पुसत पुसत सांगितलं. टेकाडामुळे मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. पुढे गेलेला माणूस अजून ग्रीनवर आहे की निघून गेला, त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून पुढच्याने आपलं संपवून इथून बाहेर पडलं की घंटा वाजवायची. मागचा ती ऐकेपर्यंत थांबतो. ऐकली की बेलाशक मारायचं.

मी ते आबांना मराठीत सांगितलं. "जो पुढे गेला, त्याने मागच्यासाठी वाजवायची, आबा. मी गेलो, आता तू ये, म्हणून."

आबा उठले आणि त्या खांबाकडे वळले.

"आमच्या दिगूनं न्हाई वाजीवली," ते म्हणाले.

मला वाटलं, आता. आता येईल रडू. मी थांबले, वाट बघितली. आलं नाही. आबांनाही आलं नाही. मिसेस थॉर्नबीला यातलं काही कळलं नाही. ती उठली, आबांचे दोन्ही हात हातात घेऊन तिने माफी मागितली, आबांनी मराठीत तिची मागितली. मग तिने आपला चेंडू दोन फटक्यांत भोकात घातला, वर चढली, आणि जाताना आमच्याकडे वळून बघत घंटा वाजवली. अगदी जोरात, शिकवल्यासारखी.

"मग?" आबांनी विचारलं. "हे टेकाड पाडायचं म्हणतीस काय?"

"बहुतेक," मी म्हटलं. "बघितलंत ना आता."

आम्ही टेकाडावर चढलो. वरून पलीकडचं दिसलं: खाली दूरवर टी, म्हणजे पहिला फटका मारायची सपाट जागा, आणि तिच्या उजव्या हाताला उंच पॉप्लरच्या झाडांची सरळ रांग. रस्ता दिसू नये म्हणून कुणीतरी लावलेली. मी सवयीने बघत होते. मग बघता बघता थांबले.

"काय गं?"

"ती झाडं नंतरची आहेत," मी म्हटलं. "आणि त्यांच्या बुडाशी बघा, आबा. तो चौथरा दिसतो का? गवताने झाकलाय, पण कडा सरळ आहेत. मातीची जमीन आपोआप अशी सरळ होत नाही. जुनी टी तिथे होती!"

"मग?"

"मग टेकाडाचा काही दोष नाही. तिथून टेकाड असं समोर येत नाही, तिरकं येतं. तिथून बघितलं तर ह्या डावीकडच्या खांद्यावरून झेंड्याचं टोक दिसत असणार. नुसतं टोक. ग्रीन दिसत नाही, माणसं दिसत नाहीत, पण कुठे जायचंय ते कळतं. त्याने मुद्दाम तसं केलं होतं, आबा. त्याला टेकाड पाडता आलं असतं, वळसा घालता आला असता. पण त्याला वाटलं, एका जागी तरी माणसाने न बघता मारावं. पण अगदी आंधळेपणी नाही, थोडासा आधार ठेवून. मग ह्या लोकांनी झाडं लावली, टी इकडे सरकवली, तेवढा आधारही गेला आणि आता म्हणतात, टेकाड वाईट. झाडं काढा, टी परत तिथे न्या. टेकाडाला हात लावायचं कामच नाही. घंटा मात्र लागेलच. घंटा ठेवायलाच हवी."

बोलता बोलता मी हातवारे करत होते. टेकाडाच्या खांद्यावर जाऊन वाकून बघत होते, परत येत होते. किती वेळ बोलले कोण जाणे. मी गप्प झाले तेव्हा कळलं की आबा टेकाडाकडे, झाडांकडे, कशाकडेच बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"दिगूला सांगायचीस काय हे समदं?"

"सांगायचे. तो झोपून जायचा."

"लहानपणापासनं तसाच," आबा म्हणाले. "मी तिकिटाचा हिशेब सांगाय लागलो की झोपायचा." आणि ते हसले. खरोखर हसले. मग त्यांनी कोटाच्या लांब बाह्या एकेक करून वर दुमडल्या, काही काम करायचं असल्यासारख्या.

"तू तिकडं जा," ते म्हणाले. "त्या खालच्या जागंवर. जितनं सुरू करत्यात तितं."

"कशाला?"

"मघाशी म्हणालीस न्हवं, उलटं बघून झालं की सरळ यायचं? मग जा की. सरळ ये."

"तुम्ही?"

"मी हाय. जा तू."

ते टेकाडापलीकडे उतरले. पांढरी टोपी थोडा वेळ दिसली, मग ती पण दिसेनाशी झाली. मी खाली टीवर आले. तिथून खरंच काही दिसत नव्हतं. समोर गवताची भिंत आणि वर करडं आभाळ. पलीकडे ग्रीन आहे, झेंडा आहे, दोन बीच आहेत, खांब आहे आणि आबा आहेत, हे मला ठाऊक होतं म्हणून होतं. एरवी तिथे जग संपतं असंही कुणी म्हटलं असतं तरी मी मानलं असतं. आबांना संध्याकाळी हो म्हणायचं आहे, हे मला आठवलं. कोणत्या कपाटापासून आवरायला घ्यायचं, ह्याचा मी विचार करू लागले.

माझ्या मागून दोन माणसं काठ्यांच्या पिशव्या घेऊन आली. मला बघून विनयाने बाजूला थांबली. एक जण जाडा, स्वेटरवाला. दुसरा पाइप ओढत होता. "पुढे कुणी आहे का?" स्वेटरवाल्याने विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "माझे सासरे."

"मग घंटेची वाट बघू," तो म्हणाला.

आम्ही तिघं वाट बघत उभे राहिलो. वारा नव्हता. पॉप्लरचं एखादं पान गळत होतं. आणि मग टेकाडापलीकडून घंटा वाजली.

ठण्ण.

आणि लगेच, हाताचा झटका न सोडता, दुसऱ्यांदा.

ठण्ण.

मी ओळखलं. कुणी न सांगता, विचार न करता ओळखलं, जसं रस्त्याकडेला उभं असताना एस.टी. सुटल्याची डबल न बघता ओळखतात. लग्नाच्या गाडीच्या टपावरचा हात होता तो. पेटीच्या झाकणावर उघडा राहिलेला, न वाजलेला हातही तोच. त्या म्हाताऱ्याला बायकोने सांगून पाठवलं होतं, पोरीला घेऊनच या. तो नुसता डबा घेऊन परत जाणार होता, आणि तिकडे टेकाडामागे उभं राहून मला सांगत होता, सोड. जा पुढं. पोराने वाजवली नाही ती बाप वाजवत होता.

मग मला दुखायला लागलं. भूल उतरते तेव्हा आधी मुंग्या येतात आणि मग एकदम सगळी दाढ ठणकते, तसं ते आलं, घशातून, पोटातून, कुठून कुठून. मी त्या दोन परक्या माणसांसमोर तोंडावर हात घेऊन मोठ्याने रडले. दिगंबर गेला होता. माझा दिगंबर गेला होता आणि मी इथे राहणार होते.

इंग्रज माणूस पुढचं विचारत नाही. पाइपवाला दुसरीकडे बघू लागला. स्वेटरवाल्याने बराच वेळ दम धरला, पण त्याला राहवलं नाही. मी डोळे पुसल्यावर तो हळूच म्हणाला, "घंटा झालीय. आम्ही थांबतो, तुम्ही आधी जा. पण त्यांनी दोनदा का वाजवली?"

"आमच्याकडे निघायचं असलं की दोनदा वाजवतात," मी म्हटलं, आणि टेकाड चढायला लागले.